बोरू, टंकयंत्र आणि एक्सेल : कचेरीची विद्या कोणाची?

#थ्रेड #इतिहास #मावळ

१.
पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारे पाणी पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून हजारो माणसे लोणावळ्यात येतात. हे धरण पर्यटकांसाठी बांधलेले नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजेच जी.आय.पी.ला, वाफेच्या इंजिनांसाठी मुबलक पाणी लागत असे. त्या गरजेतून ते उभे राहिले. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाट खुला होऊन मुंबई व पुणे सलग जोडली गेली.

२.
घाट चढून आलेल्या गाडीबरोबर मावळात एक नवी उपजीविकाही आली. तिकिटे देणारा बाबू, मालाची नोंद ठेवणारा कारकून, तारयंत्रावर बसणारा तारमास्तर, मजुरांची हजेरी मांडणारा लेखनिक. यांपैकी कोणाकडे वतन नव्हते, तलवार नव्हती, जमीन असेलच असे नव्हते. त्यांचा पगार एकाच गोष्टीवर उभा होता : कचेरीचे काम त्यांना येत होते.

३.
आज शाळा-महाविद्यालयातील मुलाला वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट शिकून घे असे सांगितले जाते. त्याला तो कंटाळवाणा, अलीकडचा उपचार वाटतो. वस्तुतः ही एका दीर्घ परंपरेची ताजी कडी आहे. राज्यकर्ते बदलले, लिपी बदलली, साधने बदलली. कचेरीची विद्या मात्र प्रत्येक काळात पोटाची आणि सत्तेची विद्या राहिली. म्हणून या धाग्यात दोनच प्रश्न विचारू : ही विद्या कोण शिकवत होते, आणि कोणाला शिकता येत होती?

४.
मावळ म्हटले की लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना आठवतात. परंतु गड तलवारीने जिंकला तरी तो चालतो लेखणीने. शिवकालीन गडावर हवालदार आणि सरनोबत यांच्या जोडीला सबनीस असे. हजेरी आणि पत्रव्यवहार त्याच्याकडे. धान्य, दारूगोळा आणि इतर साठ्याचा हिशेब कारखानिसाकडे. कोठारात धान्य किती, दारू किती, माणसे किती, हे कागदावर बिनचूक नसेल तर वेढा पडल्यावर तटाची उंची फार काळ उपयोगी पडत नाही.

५.
हे कागद मोडी लिपीत लिहिले जात. मोडीचे श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याला देते. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्या रेघांना अक्षरे लटकवत बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळायचा नाही. बाळबोध लिपी वाचणाऱ्याच्या सोयीची, तर मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची. कचेरीतील वेगाची गरज त्या काळी लिपीनेच भागवली.

६.
वेगाइतकेच महत्त्व नमुन्याला होते. कोणाला कोणता मायना लिहायचा, सनदेची मांडणी कशी करायची, जमाखर्चाची बाब कोठे टाकायची, याचे नियम ठरलेले असत. अशा सूचनांच्या संग्रहांना 'मेस्तक' म्हणत आणि त्यांचेही नाते हेमाडपंताशी जोडले जाई. आज आपण ज्याला टेम्प्लेट म्हणतो, तीच ही कल्पना. मजकूर बदलतो, चौकट कायम राहते. चौकट ठाऊक असलेला माणूस हाच जाणकार कारकून.

७.
शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याकडेही या दृष्टीने पाहावे. दफ्तरी कामात रुळलेल्या अरबी-फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. भाषाभिमान हा त्याचा एक पैलू झाला. दुसरा पैलू असा की राज्य नवे झाले तर कचेरीची परिभाषाही नव्याने घडवावी आणि शिकवावी लागते, ही जाण त्यात दिसते.

८.
आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ही विद्या शिकवणारी सार्वजनिक शाळा नव्हती. ती घरात शिकली जाई, बापाकडून मुलाकडे जाई. गावचे दफ्तर कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे, आणि दोन्ही पदे वतनी, म्हणजे वंशपरंपरागत. सभासद बखरीतील गडाच्या व्यवस्थेतही सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू अशी वाटणी दिसते. ज्या घरात बोरू होता, त्याच घरात पुढचा बोरू घडत असे. गावातील बाकीच्यांनी अंगठा उठवायचा किंवा निशाणी करायची.

९.
घराबाहेरून आत येण्याची एक वाट होती : उमेदवारी. इंग्रजी अमदानीतही मामलतदाराच्या कचेरीत होतकरू तरुण बिनपगारी बसत, नकला काढत, हिशेब तपासत आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत. मनात नोकरीची उमेद, म्हणून तो 'उमेदवार'. निवडणुकीला उभा राहणारा आणि मुलाखतीला जाणारा, दोघांनाही आपण आज हाच शब्द लावतो. पण महिनोन्महिने फुकट राबणे ज्याच्या घराला परवडत होते, त्यालाच ही उमेद बाळगता येत होती.

१०.
या बंदिस्तपणाची किंमत शेतकरी मोजत होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात हीच व्यथा मांडली. खत, गहाणपत्र, सारा, कोर्टाचा कागद. सगळे काही लिखित, आणि ज्याच्या जमिनीबद्दल ते लिहिले जाते त्यालाच ते वाचता येत नाही. कुलकर्णी आणि कचेरीतील कामगार यांचे बळ त्यांच्या हातातील लेखणीइतकेच समोरच्याच्या अज्ञानातही होते, हे जोतीरावांनी अचूक हेरले.

११.
म्हणूनच १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगितले, तेव्हा त्या यादीत मोडी व बाळबोध यांचे वाचन-लेखन आणि हिशेब आरंभीच आले. पुढे इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. मोडी आणि हिशेब म्हणजे त्या काळची कचेरीची विद्याच. ती वतनदाराच्या ओसरीवरून उचलून सर्वांच्या शाळेत आणा, असा त्या मागणीचा अर्थ होता. या धाग्यातील एकच पोस्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

१२.
कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हा विचार कारभारात उतरवला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. पण जागा राखली तरी ती भरण्यासाठी शिकलेला माणूस हवा. म्हणून वसतिगृहे उभी राहिली, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला, आणि १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून त्या जागी पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय झाला. गावचे दफ्तर प्रथमच वारशाने न मिळता नेमणुकीने मिळू लागले.

१३.
त्याच सुमारास साधनही पालटत होते. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध लिपी आणण्याचा निर्णय घेतला. मोडी लगेच संपली नाही, पुढे काही दशके ती शाळांतून शिकवली गेली. तिला छापखान्याचे वावडे होते असेही नाही. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० च्या आपल्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले होते. तरी सुटी सुटी अक्षरे मागणाऱ्या छपाईच्या युगात बाळबोध अधिक सोयीची ठरली.

१४.
मग आले टंकयंत्र. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स याच्या यंत्राचे उत्पादन १८७३ साली रेमिंग्टन कंपनीने हाती घेतले. क्वर्टी ही अक्षररचना तेथूनच रूढ झाली. हिंदुस्थानातील इंग्रजी कचेऱ्यांत हे यंत्र स्थिरावले. त्याच्या जोडीला आयझॅक पिटमन याने १८३७ साली प्रसिद्ध केलेली लघुलेखनाची पद्धती आली. साहेब बोलणार, लघुलेखक खुणांनी टिपणार, टंकलेखक ते उतरवणार. अक्षर मोत्यासारखे असण्याची कारकुनाची जुनी प्रतिष्ठा येथे ओसरू लागली. यंत्रापुढे सर्वांचे अक्षर सारखेच.

१५.
सामाजिकदृष्ट्या ही घटना मोठी होती. वळणदार अक्षर लहानपणापासून घरात घोटावे लागते. टंकलेखन काही महिन्यांत वर्गात शिकता येते. शिवाय ते मोजता येते : मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द, अमुक चुका. मोजता येते त्याची परीक्षा घेता येते, आणि परीक्षा घेता येते तेथे बापाचे नाव विचारण्याचे कारण कमी होते. तालुक्याच्या गावी स्टेशन रोडवरच्या माडीवर 'टायपिंग इन्स्टिट्यूट'ची पाटी लागली. पुढे राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्राने कित्येक मुलामुलींना पहिली नोकरी मिळवून दिली. पदवीपर्यंत शिकवणे न परवडणाऱ्या घरातील मुलीसाठी ही वाट विशेष मोलाची होती.

१६.
शिकणाऱ्याला वेळ आणि पैसा नसतो, ही अडचण ओळखणारे आणखी एक नाव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकता यावे या दृष्टीने. कचेरीत काम करत करत शिकणारा वर्ग त्यातून वर आला. बिनपगारी उमेदवारीच्या जुन्या व्यवस्थेशी याची तुलना करून पाहा. तेथे शिकण्यासाठी कमाई सोडावी लागे. येथे कमाई सांभाळून शिकता आले.

१७.
स्वातंत्र्यानंतर यंत्रही देशी झाले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि कारभार मराठीत आणण्यासाठी भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून झोडपले. तरीही लिपिक, टंकलेखक, लघुलेखक हे शब्द रुळलेच. राज्यव्यवहारकोशानंतर सुमारे तीनशे वर्षांनी मराठी राज्याला पुन्हा एकदा कचेरीची परिभाषा घडवावी लागली.

१८.
मराठी टंकलेखन मात्र इंग्रजीहून अवघड. कळा मोजक्या आणि जोडाक्षरे अनेक. म्हणून कित्येक अक्षरे तुकड्यांत बसवली : अर्धे अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दाबायची आणि 'क' नंतर, कारण यंत्र डोळ्याला दिसणाऱ्या क्रमाने चालते. संगणकासाठी प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर उलट : आधी 'क', मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. वर्षानुवर्षे टंकयंत्रावर बसलेल्या बोटांना हा साधा बदलही परीक्षा पाहणारा ठरला.

१९.
संगणकाला प्रथम विरोध झाला. विमा आणि बँक क्षेत्रांतील संघटनांना रोजगाराची धास्ती होती. पुढे १९८३ आणि १९८७ च्या करारांनी बँकांत संगणकाला टप्प्याटप्प्याने वाट मिळाली. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कामाला बळ मिळाले. युनिकोड रुळेपर्यंत मात्र एका फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा पसारा दिसे. मोडी न येणाऱ्याला मोडीचा कागद दिसतो, तसाच.

२०.
त्याच काळात कारकुनाचे दुसरे अंग, म्हणजे हिशेब, पडद्यावर गेले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ साली व्हिसिकॅल्क आणले. १९८३ साली लोटस १-२-३ आणि १९८५ साली एक्सेल आले. उभ्या-आडव्या रेघांचे घर तेच, जे पेशवाईच्या ताळेबंदात होते. फरक एवढाच की एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलतात. पूर्वी यासाठी कारकुनाला अख्खे पान पुन्हा लिहावे लागे.

२१.
२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक हाताळणे, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि इंटरनेट हे विषय गावोगावच्या केंद्रांत नेले. शासकीय नोकरीसाठी संगणक प्रमाणपत्राची अट आली. सेवेत असलेल्यांनाही ते ठरलेल्या मुदतीत मिळवणे भाग पडले, अन्यथा वेतनवाढीवर गदा. केस पिकलेले शिक्षक आणि लिपिक आपल्या मुलांच्या वयाच्या प्रशिक्षकापुढे माऊस धरायला शिकू लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात टंकयंत्रावरील अखेरची शासकीय परीक्षा झाली आणि तो खडखडाट थांबला.

२२.
आता या साऱ्याचा मेळ घालू. साधन बदलते तेव्हा जुन्या जाणकारांची मक्तेदारी क्षणभर सैल होते. परंतु दार तेवढ्याने उघडत नाही. ती विद्या घराबाहेर, परवडणाऱ्या दरात, सर्वांना शिकवली जाते आणि तिची परीक्षा उघडपणे होते, तेव्हाच नवा माणूस आत येतो. जोतीरावांनी १८८२ साली मागितले ते हेच. टायपिंगच्या माडीने आणि संगणक केंद्राने आपापल्या परीने त्याचाच एकेक अंश पुरा केला.

२३.
दार पुन्हा लोटले जाऊ शकते, हेही इतिहास सांगतो. प्रमाणपत्र भिंतीवर आणि कौशल्य शून्य, अशी गत झाली तर परीक्षेला अर्थ उरत नाही. हातात स्मार्टफोन आहे म्हणून कचेरीची विद्या आली, असेही नाही. अर्ज नीट मांडणे, हजार नोंदींतून हवी ती चाळून काढणे, बेरीज कोठे चुकली ते शोधणे, हे बोटाने पडदा सरकवून येत नाही. ज्यांच्या घरी संगणक आहे ते ते घरीच शिकतात. ज्यांच्या घरी नाही त्यांना शाळेने शिकवले नाही, तर कुलकर्ण्याची ओसरी नव्या रूपात परत आलीच म्हणायची.

२४.
या कामाला आपण 'खर्डेघाशी' म्हणून हिणवतो. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. पण भाषा पाहा : मुलांच्या पाठीवरचे 'दप्तर' कचेरीच्या दफ्तरातून आले, वर्षअखेरीचा 'ताळेबंद' जुन्या जमाखर्चातून. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो 'रुमाल' आहेत; कागद बांधून ठेवण्याचे ते कापड म्हणजे त्या काळचे फोल्डरच. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, आणि खर्डेघाशांनी लिहून ठेवले म्हणूनच ते शक्य झाले. आपण ज्याला इतिहास म्हणतो, त्याचा मोठा भाग कारकुनांच्या हातचा आहे.

२५.
त्या रुमालांतील असंख्य कागद आजही वाचकाची वाट पाहत आहेत. मोडी वाचणारे थोडे, आणि वाचलेले नीट तक्त्यात मांडून तारीख, गाव, रक्कम यांनुसार शोधता येईल असे करणारे त्याहून थोडे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने म्हणून दोन्ही शिकावे : जुन्या कचेरीची मोडी आणि नव्या कचेरीचे एक्सेल. एखाद्या मावळी गावाचा पेशवेकालीन जमाखर्च वाचून तो तक्त्यात भरून पाहा. कोणाकडून किती वसूल झाले आणि दुष्काळात कोणाला सूट मिळाली, हे त्या गावच्या शेतकऱ्याला तेव्हा वाचता आले नाही. त्याच्या वंशजांना आज ते वाचून दाखवता येईल.

धागा समाप्त. आपल्या घरी जुने टायपिंगचे प्रमाणपत्र, टंकयंत्र किंवा मोडीतील कागद असेल तर तो जपून ठेवा, त्याचे छायाचित्र काढा आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याची हकीकत विचारून लिहून ठेवा.

#मोडी #महाराष्ट्राचा_इतिहास